कारल्याच्या वेलाची प्रभावळ

१२ जून २०२४, अमरावती

वकिली सोडली त्या दिवशी रोजनिशी लिहिणंही सोडलं होतं. आज पुन्हा बसलो, कारण काम तसंच मोठं आहे. देवीची प्रभावळ करायची ठरली.

देवी आमची खासगी. घराला लागून देऊळ, पूजा आमच्याच घराण्याकडे. मूर्तीमागची कमान म्हणजे प्रभावळ, ती लाकडाची होती. वाळवीने ती आतून पोखरली आणि परवा आरतीच्या वेळी तिचा एक तुकडा माझ्या पायावर पडला. आता ब्राँझची करायची. नवरात्राला बसवायची.

करणार कोण, तर आमची सून. श्रावणी, अद्वैतची बायको. शिल्पकलेची पदवी आहे तिच्याकडे. अकोटच्या गोवर्धन फूलवाल्याची लेक. तीन वर्षांपूर्वी दोघांनी आपलंआपण लग्न केलं. मी विरोध केला नाही, फक्त गेलो नाही. घरात तिला काही कमी नाही. गाभाऱ्यात मात्र तिने यायचं नाही, एवढा एकच नियम मी ठेवला. तिचं जन्मघर वेगळं, आमच्या देवीचा कुळाचार वेगळा. ती उंबऱ्याबाहेरून दर्शन घेते. तिला त्याचं वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही. विचारलं मात्र नाही कधी.

आज जेवताना ती म्हणाली, "बाबा, प्रभावळ मी करते. मोबदला एकच. ज्या दिवशी बसेल त्या दिवशी देवीची ओटी मी भरणार. आत येऊन."

अद्वैतचा घास हातातच राहिला. चारुशीलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझी प्रभावळ बसली की भर ओटी." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्याशा शब्दाने माणूस किती खूश होतो! पन्नास वर्षं तडजोडी घडवून आणल्या आहेत मी.

१९ जून

चित्र आणलं तिने. पाहून डोकंच फिरलं.

प्रभावळ कशी असते ते शेंबडं पोरही सांगेल. खाली दोन मकर, त्यांच्या तोंडातून निघणारी पानाफुलांची वेल, वेलीत हंस, मोर, आणि शेंड्यावर कीर्तिमुख. हिने मकर ठेवले आहेत, उपकारच म्हणायचे. पण वेल कमळाची नाही, कारल्याची! तिला कारली लागलेली, खरबरीत, त्यातलं एक पिकून फुटलेलं. पानाआड सरडा. मध्ये कापसाची बोंडं, त्यांच्यावर खार. हंसाच्या जागी हुप्प्या, तो तुरेवाला पक्षी, उकिरड्यावर चोच मारत फिरणारा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आपल्या इकडचं आहे बाबा. मकर तरी कुणी पाहिलाय? ज्यांनी पहिली प्रभावळ केली त्यांनी त्यांच्या नदीकाठचंच केलं असेल ना? मी आमच्या मळ्यातलं करून राहिली."

"देवीच्या डोक्यावर कारलं?"

"कारल्याचा वेल फार सुंदर चढतो. त्याचे तणावे पाहा कसे पकडतात." तणावे म्हणजे वेलीची ती कुरळी बोटं. खरंच बारीक काढली होती. हात चांगला आहे, नाही म्हणवत नाही.

सरडा काढ म्हटलं. ती हसून म्हणाली, "तो किडे खातो, देवीचं झाड राखतो." मी चित्र परत दिलं. ब्राँझआधी ती मेणाची होणार आहे आणि मेण मऊ असतं.

६ जुलै, अकोला

बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. ओतकाम चंद्रभान ओतारी करणार आहे. औद्योगिक वसाहतीमागे त्याचं शेड. काळा, बुटका, तोंडात कायम सुपारी. दोन पिढ्या घंटा आणि समया ओतत आलेत. श्रावणी तिथेच मेणकाम करते, आठवड्यातले चार दिवस अकोल्यात मैत्रिणीकडे राहते. हेही मी चालवून घेतो.

रीत समजावून घेतली. आधी अख्खी प्रभावळ मेणाची करायची. तिच्यावर पातळ मातीचे थर, मग जाड थर. सुकलं की साचा भाजायचा. मेण वितळून वाहून जातं आणि आत मेणाच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात तापलेला धातू ओतायचा. म्हणजे मेण गेलं की गेलं, दुसरी संधी नाही.

प्यायला पाणी मागितलं तर चंद्रभानने मला शेडबाहेर नेलं. माठ बाहेर, आंब्याखाली. म्हणाला, "बापूसाहेब, ओतकामाच्या जागी मी थेंब येऊ देत नाही. साच्यात वल राहिली न, तर धातू उलटा उडते. माह्या काकाचं तोंड तसंच गेलं."

मी मान डोलावली. प्रत्येक धंद्याची आपापली शिवाशीव असते. आमची असली की तेवढी लोकांना खुपते.

१४ जुलै

गोवर्धन फुलं घेऊन आला. शेवंती, झेंडू, निशिगंध. वीस वर्षं देवीला फुलं त्याच्याच मळ्यातली जातात. मागच्या दाराने येतो, करंडी ठेवतो, जातो. चारुशीला आत येऊन म्हणाली, "व्याही आलेत." मी म्हटलं, "गोवर्धन आलाय म्हण." तिने चहा बाहेर नेला. बशीतला कप, स्टीलचा नाही. माझ्या लक्षात आलं.

गोवर्धन मला म्हणाला, "बापूसाहेब, पोरगी लय मन लावून करून राहिली. रातची झोपत नाही म्हणते. तिले देवीपाशी जाऊ देसान ना तुमी? शब्द देल्ला म्हणते तुमी."

"दिला आहे."

तो करंडीसकट वाकला. फुलं सांडतील म्हणून मी मागे सरलो.

३ ऑगस्ट, अकोला

मेण पूर्ण झालं. पाहायला गेलो.

खरं लिहायचं तर काम देखणं होतं. छातीइतकी उंच कमान, मधासारख्या रंगाची. कारल्याच्या पानाच्या शिरा दिसत होत्या. बोंड उकललेलं, आतला कापूस फुगून बाहेर आलेला. खारीच्या पाठीवरचे पट्टे, पुढचे पाय छातीशी. हुप्प्याचा तुरा अर्धा मिटलेला. वर कीर्तिमुख, डोळे बटबटीत, सुळे बाहेर, आपलंच अंग खाऊन उरलेलं तोंड. चारुशीला सोबत होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "अहो, नाक-भुवया तुमच्या आहेत." श्रावणीने घाईने नाही म्हटलं. मला वाईट वाटलं नाही. कीर्तिमुख सगळ्यात वर असतं.

श्रावणी चहा आणायला गेली तेव्हा मी सरड्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. मेण लगेच बसलं. डोकं गेलं, पाठ सपाट झाली. शेपूट नखाने काढून टाकली. देवीसमोर सरडा चालत नाही, सांगून झालं होतं. खारही काढणार होतो, पण चारुशीलाने मनगट धरलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, तिने माझा हात कधी असा धरला नव्हता.

श्रावणी परत आली. तिने त्या जागेकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याला मेण होतं. तिने कप खाली ठेवला, मेणाची गोळी घेतली आणि त्या जागी एक पान करून लावलं. पान बरं झालं. बघा, तेव्हाच ऐकलं असतं तर हे आधीच झालं असतं.

११ ऑगस्ट

चारुशीला माझ्याशी मोजकंच बोलते. गुडघे दुखत असतील.

२८ ऑगस्ट

सकाळीच चंद्रभानचा फोन. साचा रात्रभर भाजला, मेण सगळं निघालं, दुपारी साचा तापलेला असतानाच ओततो, या.

मी पंचांग उघडलं. आजचा दिवस या कामाला मुळीच बरा नाही. त्याला म्हटलं, "उद्या सकाळी. मुहूर्त मी काढला आहे."

"बापूसाहेब, साचा थंडा होईन. हवा वलीची हाये, पान्यापावसाचे दिस. गरम साचा म्हणजे मले भरोसा रायते."

"देवीचं काम आहे, समईचं नाही."

मग श्रावणी फोनवर आली. आवाजावरून थकलेली वाटली. मी तिला एवढंच म्हटलं, "मुहूर्त टाळून ओतलेली प्रभावळ मी गाभाऱ्यात बसवणार नाही. आणि ती बसली नाही तर बाकीचं तुला माहीत आहे."

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "चंद्रभानकाकांना मी समजावलं बाबा. उद्याच ओतू. मी स्वतः साच्यावर झाकण ठेवलंय, खड्ड्यात वाळू भरून घेतली. ओल नाही लागू देणार."

समजूतदार आहे. घरच्या वळणाला आली की ही मुलगी चांगली होईल.

३० ऑगस्ट, अकोला

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो.

काल पहाटे चारुशीलाने तांब्याच्या गडूत देवीचं तीर्थ भरून दिलं. अद्वैत आणि मी निघालो. शेडमध्ये गेलो तर भट्टी पेटलेली, सगळे तिच्याभोवती. साचा दुसऱ्या टोकाला खड्ड्यात वाळूत पुरलेला. वर फक्त ओतायचं तोंड आणि बाजूचं छोटं भोक, त्यांवर कौल झाकलेलं.

मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. जिथे देवीचं तेज उभं राहणार ती पोकळी कोणाकोणाच्या हातांतून गेलेली. मातीत शेण कुठलं, माती कालवणारे कोण, काय खाऊन आलेले, कुणाला ठाऊक. तिची शुद्धी नको? चंद्रभानला विचारलं असतं तर त्याने थेंबाचं पुराण लावलं असतं. म्हणून विचारलं नाही. कौल बाजूला केलं, मंत्र म्हटला आणि तीन पळ्या तीर्थ आत सोडलं. आवाजही आला नाही, मातीने लगेच पिऊन घेतलं. गडूत पुष्कळ उरलं होतं. उरलेलं तीर्थ कुठेही फेकता येत नाही, पायदळी जातं. तेही आतच सोडलं. कौल होतं तसं ठेवलं.

मुहूर्ताला चंद्रभानने आणि त्याच्या माणसाने चिमट्यात वितळलेल्या धातूची मूस उचलली. धातू बघवत नव्हता, इतका पिवळाधमक. श्रावणी खड्ड्याच्या कडेला गुडघ्यावर बसलेली. एका तोंडातून ओतलेला धातू दुसऱ्या भोकातून वर आला की साचा भरला असं समजतात, ते तिला बघायचं होतं. चंद्रभान ओरडला, "सरक पोरी." ती म्हणाली, "वर येताना पाहू द्या ना काका, एवढंच."

मग तो आवाज झाला.

धातू वर उडाला, पत्र्याला लागला. चंद्रभानचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. श्रावणी तशीच गुडघ्यावर होती, तोंडावर दोन्ही हात. ओरडलीही नाही. अद्वैतच ओरडत होता. मी दाराशी होतो, मला काही झालं नाही. देवीची कृपा.

दोन्ही डोळे. नागपूरला हलवायचं म्हणतात.

३१ ऑगस्ट

घरी येऊन गडू स्वयंपाकघरात ठेवला. चारुशीलाने उचलून पाहिला. "तीर्थ कुठे गेलं?"

"देवीच्या कामी लागलं."

ती गडू हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली. तिला ताप वगैरे आला असावा असं वाटलं, पण अंग गार होतं.

७ सप्टेंबर

घरात गणपती आहेत आणि घरात कोणी नाही. अद्वैत आणि चारुशीला नागपूरला. मीच नैवेद्याचा भात लावला, तो करपला.

१८ सप्टेंबर, नागपूर

दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, नजर परत येणार नाही. असं सरळ सांगणारा डॉक्टर मला आवडतो.

चंद्रभान आला होता, हात गळ्यात. गोवर्धनही होता, कोपऱ्यात जमिनीवर. चंद्रभान म्हणाला, "मी साचा फोडून पाह्यला. बुडाले चिखल होता बापूसाहेब. हवेच्या वलीनं चिखल होत नाही. पानी होतं आत. कोन गेलतं खड्ड्यापाशी?"

कोणी बोललं नाही. मीही नाही. चिखल झाला असेल तर पाण्याने झाला असेल. तीर्थाला पाणी म्हणणं मला मान्य नाही. आणि माझं नाव घेऊन कोणी विचारलेलं नव्हतं. साक्षीदाराने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, हे मी आयुष्यभर पक्षकारांना शिकवलं.

तेव्हा श्रावणी खाटेवरून म्हणाली, "काका, तुम्ही गरम साच्यात ओतत होता. मीच तुम्हाला थांबवलं. कौल रात्रीतून सरकलं असेल, पत्रा गळला असेल. मी पुन्हा पाहिलंच नाही. मले देवीपाशी जायची घाई झालती." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माहेरची बोली एवढी कधी ऐकली नव्हती.

गोवर्धनने कपाळ भिंतीवर आपटलं. अद्वैत बायकोकडे बघत होता. त्याच्या नजरेत पहिल्यांदा राग दिसला. इतके दिवस माझ्यावर होता, आता जागेवर गेला.

चारुशीला माझ्याकडे बघत होती. मी घड्याळ पाहिलं, परतीच्या गाडीची वेळ होत आली होती.

२९ सप्टेंबर

काल श्रावणीला घरी आणलं. आज सकाळी चारुशीला माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"काय सांगतेस?"

"गडू मी भरला होता. तुम्ही रिकामा आणलात."

मी तिला शांतपणे समजावलं. सांग. अवश्य सांग. अद्वैतला सांग की बापाने हे केलं. मग तो या घरात राहील? देवीची पूजा कोण करेल? पोलीस येतील, देवळाला कुलूप लागेल, नवरात्रात. आणि एवढं करून तिला दिसायला लागेल का? लागत असेल तर मी आत्ता पेठेत उभा राहून सांगतो.

तिने पदर तोंडात कोंबला. खूप वेळ रडली. शेवटी म्हणाली, "ती रोज रात्री मला विचारते, आई, मी कौल नीट ठेवलं होतं का हो. रोज. मी काय सांगू?"

"ठेवलं नव्हतं म्हण. उत्तर मिळालं की माणूस झोपतो."

ती गेली. दुपारी श्रावणीला भरवताना तिचा आवाज ऐकला. नेहमीसारखा होता.

प्रभावळीची सोय झाली. बाहेरून तयार आणली. मकर, हंस, कमळवेल, सगळं शास्त्रानुसार. थोडी पातळ आहे, पण लखलखते.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

दिवस चांगला पार पडला. प्रभावळ बसली. गल्लीतली सगळी माणसं आली होती. गोवर्धनने शेवंतीच्या दोन करंड्या आणल्या, मागच्या दाराने.

देवीचं काम मोडलं की प्रायश्चित्त लागतं. ज्याच्या हातून मोडलं त्याने देवळाच्या पायरीवर उभं राहून चूक बोलायची आणि नऊ दिवस एकभुक्त राहायचं, ही आमच्याकडची रीत आहे. मी ती काल श्रावणीला सांगितली. अद्वैत म्हणाला, "बाबा, तिला उभंही राहवत नाही." श्रावणीच म्हणाली, "मला करायचंय. मग ओटी भरू द्याल ना, बाबा?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "शब्द तुझ्या प्रभावळीचा होता, बाळा. ही तुझी नाही. आणि आता व्यंग आलेलं माणूस गाभाऱ्यात चालत नाही. तो माझा नियम नाही, शास्त्राचा आहे." तिने मान हलवली. म्हणाली, "बरोबर आहे. मीच घालवलं."

आज चारुशीलाने तिला दंडाला धरून पायरीवर आणलं. हिरवं लुगडं नेसवलं होतं, डोळ्यांवर पांढरी पट्टी. श्रावणी म्हणाली, "देवीचं काम माझ्या हातून मोडलं. चंद्रभानकाकांचा हात माझ्यामुळे गेला. चूक माझी होती." आवाज स्वच्छ होता, शेवटच्या माणसापर्यंत गेला. चारुशीलाचे ओठ हलत होते. जप करत असावी.

मग मी पुढे झालो आणि सगळ्यांदेखत सांगितलं की या घराने सुनेला माफ केलं आहे. बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, असा सासरा मिळायला भाग्य लागतं. गोवर्धन करंडीजवळ उभा राहून हात जोडत होता.

श्रावणी पाया पडायला वाकली. तिचे हात पायरीवरून इकडेतिकडे फिरत राहिले, तिला माझे पाय सापडेनात. चारुशीला मदत करेना, नुसती उभी राहिली. शेवटी मीच पाय पुढे केले.